दंतवैद्याचा आरसा

मे महिन्यात आम्ही कूलर बंद ठेवतो.
गिऱ्हाईक म्हणतं, काहून भाऊ, मारता का काय,
सेहेचाळीस चाललंय बाहेर.
मी भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवतो.
लाकडाला हवा सोसते, हवेचा बदल सोसत नाही.
दिवसभर वाळ्याचा ओलावा, रात्री कोरडी झळ,
आणि सकाळी गिटारच्या पोटावर केसाएवढी रेघ.
सदरमधला आमचा निम्मा धंदा त्या रेघेवर चालतो.

ही करुणा धनविजयनं आणली,
इंदोऱ्याहून, स्कूटीवर, सतरंजीत गुंडाळून.
बाबांची आहे, म्हणाली. ऑर्केस्ट्रात होते.
जयंतीच्या रात्री चार-चार स्टेज,
पहाटे रिक्षात हिलाच मांडीवर घेऊन झोपायचे.
आता बोलणं गेलंय.
हात चालतात.

कलकत्त्याची बनावट, लेबल झुरळांनी खाल्लेलं.
ब्रिज उचललेला, खालून पोस्टकार्ड सरकेल इतका.
मान पुढं झुकलेली, तारा पट्टीपासून इतक्या वर
की दाबायच्या तर बोटाला घट्टा नाही, घोट्याचं हाड हवं.
मी पेरानं पोटावर ठोकत गेलो,
टक, टक, टक,
आणि एका जागी
फट.
आतली पट्टी सुटली होती.

तौसीफनं कुकर चढवला.
शिट्टीच्या जागी रबरी नळी,
नळीच्या टोकाला फुटबॉलात हवा भरायची सुई.
पंधरावा फ्रेट काढून तिथून वाफ सोडली,
दहा मिनिटांत मान हातात आली,
झोपलेल्या पोराची यावी तशी.
जुना सरस असा असतो. मागितलं की सोडतो.

ब्रिज मात्र सोडेना.
खाली काचेसारखी पिवळी एपॉक्सी, थापून भरलेली.
गरम सुरी घातली तर लाकडाचे रेशे सोबत निघू लागले.
कोण्या गाढवानं केलं हे, मी म्हणालो.
पाऊण तास म्हणत होतो.
गाढवाच्या बापाचाही उद्धार झाला.
तौसीफ खाली मान घालून पॉलिश पेपर घासत राहिला,
त्याला माझ्या शिव्या वर्षभरात पाठ झाल्यात.

मग आत बल्ब सोडला
आणि दंतवैद्याचा आरसा.
पट्टीवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं, वाकडं,
आरशात उलटं.
मोडीसारखं वाटलं. मग उर्दूसारखं.
तौसीफनं मोबाइलवर फोटो काढला, बोटानं फिरवला
आणि काही न बोलता माझ्यापुढं धरला.

घ. हटवार. मे ९६.

फ्रान्सिस सर तेव्हा जेवायला गेले होते.
बाहेर बाकावर एक माणूस, पांढरा बेलबॉटम,
रात्री कामठीला कार्यक्रम,
दर पाच मिनिटांनी आत डोकावत होता.
सरस सुकायला चोवीस तास, माझं वय एकोणीस.
कपाटात ट्यूब होती.
सही कशाला केली, ते आता सांगता येत नाही.
झालं त्या दिवशी असंच वाटलं, की आपण काहीतरी केलं.

पण सर, टिकलं ना, तौसीफ म्हणाला,
सत्तावीस वर्षं.
मी म्हणालो, चूप बस. कुकर उतरव.

तीन दिवस लागले एपॉक्सी काढायला,
नखाएवढी, नखाएवढी.
गेलेल्या लाकडाला ठिगळ दिलं, रेशाला रेशा जुळवून.
सरस गरम पाण्यात वितळवला,
त्या वासानं दोन गिऱ्हाईकं दारातूनच परतली.
क्लँप लावून एक रात्र, वर आणखी एक रात्र.

बिलात करुणानं बोट ठेवलं,
ब्रिजचे पैसे धरले नाहीत तुम्ही.
मी म्हटलं, ते गॅरंटीत होतं.
तिला वाटलं मी विनोद केला.

धनविजय भाऊ आत आले, काठीशिवाय.
गिटार घेतली, वाजवली नाही.
पेरानं पोटावर ठोकत गेले,
कान लावून, हळूहळू,
त्या सुटलेल्या जागेपाशी थांबले,
तिथं दोनदा ठोकलं.
मग माझ्याकडं नाही,
बाहेरच्या बाकाकडं पाहत राहिले बराच वेळ.
बाक तोच आहे. रंग दोनदा बदललाय.